मागचं घर

उदगीरला, नळेगाव रोडच्या अंगाला,
मन्मथच्या काकाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान.
रविवारी शटर अर्धंच वर.
आत वार्निशचा वास, तांब्याच्या तारांची भेंडोळी,
आणि जमिनीवर पालथी टाकलेली
सोयाबीन बियाण्याची पत्र्याची पाटी,
तिच्या पाठीवर खडूनं आखलेला पट.
तीन वाघ : जळालेले स्पार्क प्लग.
पंधरा शेळ्या : गंजके वॉशर.

मी गेले होते पंख्याची मोटार आणायला.
काय बोलायचं ते वाटेत सात वेळा घोकलं,
शटरपाशी पोचले आणि सगळं पुसलं गेलं.
पावती मुठीत घामेजत होती.
कदाचित मी अजूनही तिथंच उभी असते,
पण मुदस्सिरनं वर न बघताच विचारलं,
"ह्येला शेळ्या राखता येईनात. तू राखतीस का?"

मन्मथ.
आठवीत सरांनी भर वर्गात त्याच्या नावाचा अर्थ सांगितला,
तेव्हापासून तो मान खाली घालून चालायचा.
गावातला एकेक खड्डा त्याच्या ओळखीचा.
मुदस्सिर, गोड गळ्याचा म्हणून मिरवलेला,
गळा फुटला तसा घरीदारी गप्प झालेला.
आणि मी.
माझं 'हजर' ओठांवर येईस्तोवर
मॅडम पुढच्या नंबरावर गेलेल्या असायच्या.
एकही दिवस शाळा न बुडवता
माझी वर्षाची हजेरी एकसष्ट टक्के.

पटावर मुदस्सिरचा कायदा होता :
बोलको चल.
मुकी चाल बाद.
"खाली," म्हणाले मी पहिल्या रविवारी,
वॉशरलाच ऐकू जाईल एवढं.
दुसऱ्या रविवारी "डावीकडं".
शेळ्या मरत राहिल्या.
पोळा गेला, महालक्ष्म्या उठल्या,
शेळ्या मरतच राहिल्या.

मग एकदा मन्मथ बोलला,
पटाकडं बघत, हात चिंधीला पुसत :
"वाघाला नको बघूस.
शेळीच्या मागचं घर बघ.
ते रिकामं असलं तरच त्याला उडी मारता येते."
इतकं लांब वाक्य बोलून
तो घटाघटा पाणी प्यायला.

त्या दिवशी वाघ कोंडत आणला होता आम्ही.
मुदस्सिरनं हळूच तो दोन घरं सरकवला
आणि माझ्या तोंडून निघालं,
"रडी! रडी खातूस तू! ठेव मागं!"
बाहेरचं कुत्रं उठून बसलं.
टपरीवाल्यानं शटरखालून वाकून बघितलं.
मुदस्सिरनं वाघ मागं ठेवला,
मग हसला, बारीक आवाजात सुरू होऊन
जाड आवाजात संपणारं हसू.
मन्मथनं मान वर केली.
त्याचे डोळे घारे आहेत
हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी मी "हजर मॅडम" म्हणाले.
मॅडमनी चष्मा काढला.
"नवीन आलीस का गं?"
कुणीतरी फिदीफिदी हसलं, कान तापले माझे,
बसावं की उभं राहावं कळेना.
आणि माझ्या मागच्या बाकावरून
मन्मथचा आवाज आला,
"पहिलीपासून आहे, मॅडम."

आम्ही जिंकलो का? दोनदाच, बहुतेक.
मुदस्सिर म्हणतो एकदाच.
तो हैदराबादला असतो, फोनवर भांडतो.
मन्मथ मोटारी भरतो,
गिऱ्हाइकाशी अजून तुटकच बोलतो,
पण तोंडाकडं बघून.
आणि मी देगलूर गाडीवर कंडक्टर.
माझ्या चामडी पिशवीत, चिल्लरीच्या तळाशी
एक वाघ आहे.

काल दप्तर पोटाशी धरलेली एक पोरगी
गावाचं नाव सांगता सांगता अडली.
ओठ हलले, आवाज नाही.
मागून एक धोतरवाला ओरडला,
"अगं माय, बोल की लवकर!"
बाकीचे हसायच्या बेतात.
मी मशीन हातात धरून थांबले.
"दम धरा मामा," म्हटलं,
"तिची पाळी आहे."